राखण

महिन्याला नऊ हजार, जेवण मोंडकरांकडे,
आणि काम एवढंच: हापूसच्या साडेतीनशे कलमांवर
केलटी उतरू द्यायची नाहीत.
गलोल माझी, सुतळी बॉम्ब मालकांचे.

पहिली दोन वर्षं हैराण गेली.
सड्याच्या रंगाची, वाळक्या गवताच्या रंगाची माकडं.
पान हललं म्हणून वर बघावं
तर चावलेली कैरी पायाशी पडलेली.

मग गेल्या माघात एका मादीच्या पोटाला
काहीतरी चिकटलेलं दिसलं.
वाटलं, कापूस. मग वाटलं,
कुणाच्या दोरीवरचं बनियन ओढून आणलंय.
त्याला बोटं होती.
चुन्याच्या निवळीत बुडवून काढल्यासारखं पोर,
कानांतून ऊन आरपार जायचं,
आणि डोळे,
पिकत आलेल्या जांबाची साल असते ना, तसे.

तेव्हापासून माझं काम सोपं झालं
हे मी कुणाला सांगितलं नाही.
चहा घेऊन गडग्यावर उभं राहायचं,
समोरच्या डोंगरावरून नजर फिरवायची.
जिथं पांढरा ठिपका, तिथं कळप.
अठ्ठावीस माकडांनी आपणहून
गळ्यात घंटा बांधून घेतली होती
आणि सोडत नव्हती.

बातमी वाडीत गेली. शनिवारी नारळ आले, केळी आली.
मी हाकलायचा पगार घेतो
आणि माझ्याच मागे उभं राहून माणसं खाऊ टाकतात!
शेवंतीकाकी म्हणाल्या,
'तेका खडो मारू नको हां, मारुतीचा हा ता.'
मोंडकर म्हणाले, 'जागेचा राखणदार आहे.'
म्हटलं, मग माझा पगार?
हसले. पगारावर काही बोलले नाहीत.

वनखात्याच्या कासले मॅडम दुर्बीण लावून
तासभर बसल्या फणसाखाली.
'देव नाही, रोगही नाही.
रंग करणारं काहीतरी अंगात बनत नाही, एवढंच.
डोळे मात्र अधू असणार. ऊन सोसत नसेल.'

ते मला ठाऊक होतं.
या चैत्रात, वर्षाचं झालं तेव्हा,
भर दुपारी ते एक हात कपाळाला लावून बसायचं,
एसटीची पाटी वाचणाऱ्या म्हाताऱ्यासारखं.
फणसावरून आंब्यावर जायचं तर बाकीची
बघतातही की नाही कोण जाणे.
हे मान हलवायचं, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे,
मधलं अंतर चाचपून बघायचं,
आणि तरी एकदा फांदी चुकली.
धप्.

माझ्या गलोलीत खडा होता. रबर ताणलेलं होतं.
एक कानफाटी मादी खाली उतरली, त्याची आई नव्हे,
आणि त्याच्यापुढे पाठ करून थांबली.
त्याने तिची शेपटी धरली.
तशीच दोघं माझ्यासमोरून
गडगा ओलांडून गेली, सावकाश.
संध्याकाळी वहीत लिहिलं: नुकसान नाही.
होतं. चाळीसेक फळं.

वैशाखात एका सकाळी ठिपका दिसला नाही.
कळप आला तो थेट डोक्यावरच.
मी माकडं मोजली. सव्वीस. परत मोजली. सत्तावीस.
कानफाटी होती.

कुणी म्हणालं, बिबट्या;
चांदण्यात चुना लपतो होय?
कुणी म्हणालं, विजेची तार.
कुणी म्हणालं, आपल्या जागी गेलं, आणि हात जोडले.
शेवंतीकाकी मलाच विचारतात, 'गेला खंय रे ता?'
जसं काही मी बांधून ठेवलं होतं.

रोज वर सड्यावर जातो.
परवा बगळा होता.
काल सिमेंटची रिकामी गोणी, करवंदीला अडकलेली,
वारा आला की हात वर करणारी.
आज मोजणीवाल्यांनी रंगवलेला दगड.
खाली विजयदुर्गची खाडी एवढी चकाकते
की काही धड दिसत नाही.
कपाळावर हात धरलाय,
मान डावीकडे नेतो, उजवीकडे नेतो.

मागे कलमांत धप् झालं.
पुन्हा झालं.
मी अजून इकडेच बघतोय.